आपल्या पेठेतल्या बायकांनी केलेलं समाजकार्य कसं शोधून काढायचं

पुण्यातल्या बायकांच्या समाजकार्याचा विषय निघाला की चार नावं आपल्याला तोंडपाठ असतात. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि फार तर बानूबाई कोयाजी. शाळेच्या गॅदरिंगला त्यांची वेशभूषा करून झालेली असते, ३ जानेवारीला स्टेटस टाकून झालेलं असतं. पण या शहरातली एवढी वसतिगृहं, शाळा, प्रसूतिगृहं, शिवणाचे वर्ग रोजच्या रोज चालवले कोणी, सकाळी किती शेर तांदूळ काढायचा हे कोण ठरवायचं, पैसे संपले की दारोदार कोण जायचं, हे विचारलं की आपण गप्प होतो. मला वाटतं खरा इतिहास तिथेच आहे. संस्था काढणाऱ्याचं नाव पाटीवर असतं, ती चालवणारीचं शोधावं लागतं. आणि ते शोधता येतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

यासाठी पीएचडी लागत नाही. वही लागते, मोबाइलचा कॅमेरा लागतो, चालायची सवय लागते आणि म्हाताऱ्या माणसांशी घाई न करता बोलता यायला हवं. बाकी जमतं हळूहळू.

आधी एकच संस्था धरा

सगळं पुणं एकदम घ्यायला जाऊ नका, फार पसारा होतो आणि मग पंधरा दिवसांत वही कपाटात जाते. एक संस्था निवडा, तीही तुमच्या घराशी नातं असलेली. आईची शाळा, आजी जिथे शिवण शिकायला जायची ती संस्था, नाहीतर तुमचा जन्म झाला ते हॉस्पिटल.

उदाहरणार्थ रास्ता पेठेतलं केईएम हॉस्पिटल घ्या. पुण्यात अशी कित्येक घरं आहेत जिथे दोन-दोन पिढ्यांचा जन्म तिथलाच. बानूबाई कोयाजी १९४४ साली तिथे आल्या तेव्हा ते ४० खाटांचं छोटं प्रसूतिगृह होतं. पुढे त्याचं एवढं मोठं हॉस्पिटल झालं, शिरूर तालुक्यातल्या वढूला गावोगावच्या आरोग्याचं काम उभं राहिलं, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं, १९९३ ला मॅगसेसे मिळालं. इथपर्यंत सगळं गुगलवर मिळतं. तुमचा शोध इथून पुढे सुरू होतो. त्या पहिल्या आरोग्यसेविका कोण होत्या, कुठल्या वाडीवरच्या, घरच्यांनी त्यांना कसं पाठवलं, पहिल्यांदा ब्लडप्रेशर मोजायला शिकल्यावर गावाने काय म्हटलं. त्यांच्यातल्या काही जणींच्या मुली-सुना आजही त्याच भागात असतील, जाऊन विचारता येतं. आणि वढूला गेलातच तर त्याच गावात १९९७ साली सिस्टर लुसी कुरियन यांनी निराधार बायका-मुलांसाठी ‘माहेर’ सुरू केलं, म्हणजे एका गावात दोन वेगवेगळ्या काळातली कामं बघायला मिळतात.

नावांचा तक्ता करा, नाहीतर घोळ होणार

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग एकच बाई तीन ठिकाणी तीन वेगळ्या बायका म्हणून लिहिली जाते. बायकांची नावं लग्नात बदलायची, काहींची पहिलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची, त्यात घरात हाक मारायचं नाव वेगळं. कर्व्यांच्या घरचं बघा. माहेरची गोदू जोशी, पहिल्या लग्नानंतर नातू, लहानपणीच वैधव्य, मग पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेत शिकल्या, १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे, आणि सगळं पुणं ओळखायचं ते बाया कर्वे म्हणून. आता शारदासदनाच्या कागदात तुम्ही ‘कर्वे’ शोधत बसलात तर काही सापडणार नाही. रमाबाई रानडेसुद्धा माहेरच्या यमुना कुर्लेकर.

तर वहीचं एक पान आडवं धरायचं आणि रकाने आखायचे, माहेरचं नाव, सासरचं नाव, घरातलं नाव, कागदावर जसं लिहिलंय तसं नाव, कुठल्या कागदात, कुठल्या साली. जुन्या याद्यांत ‘गं. भा.’ असेल तर त्या विधवा होत्या, ‘सौ.’ असेल तर नवरा हयात होता, त्यामुळे एकाच बाईपुढे एका साली सौ. आणि दुसऱ्या साली गं. भा. दिसलं तर मधल्या काळात काय झालं ते आपोआप कळतं. पुष्कळदा बाईचं नावच नसतं, नुसतं ‘अमुक यांच्या पत्नी’ किंवा ‘एक भगिनी’ एवढंच असतं. तेही टिपून ठेवा, सोडून देऊ नका, दुसऱ्या कागदात कधीतरी नाव उजेडात येतं.

त्यांनी स्वतः लिहिलेलं आधी, त्यांच्यावर लिहिलेलं नंतर

आपल्याकडे भाग्याने या बायकांनी स्वतः लिहून ठेवलंय. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’, पार्वतीबाई आठवल्यांचं ‘माझी कहाणी’. तिन्ही वाचा, आणि वाचताना मोठ्या घटनांपेक्षा कामाच्या बारीक गोष्टींवर पेन्सिलने खूण करत जा.

पार्वतीबाईंबद्दल थोडं जास्त सांगते कारण त्यांचं नाव फार कमी ऐकू येतं आणि मला ते खरंच लागतं. बायांची धाकटी बहीण. विशीत विधवा झाल्या तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. पुण्याला येऊन शिकल्या, कर्व्यांनी १८९६ साली काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामाला लागल्या, आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. त्या काळात एका विधवा बाईने परक्या गावात उतरायचं, ओळखपाळख नसलेल्या लोकांपुढे उभं राहून भाषण करायचं आणि पैसे मागायचे. पुढे १९१८ ला इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी मदत जमवली आणि १९२० ला परत आल्या. कर्वेनगरातून बसने जाताना ‘महर्षी कर्वे’ सगळे वाचतात, त्या आवारातल्या इमारतींमागे पार्वतीबाईंनी दारोदार मागितलेला पैसाही आहे हे मात्र किती जणांना माहीत असतं?

आणि बायांचं तर आणखी वेगळं. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात दिसली तर लोक मुली पाठवायचे नाहीत, देणग्या थांबतील, म्हणून ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्यांनाच बरीच वर्षं हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरातल्या आश्रमाच्या कामापासून लांब राहावं लागलं. हे त्यांच्याच शब्दांत वाचायला हवं.

सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं समग्र वाङ्मयात आहेत, कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळतील. पत्रं म्हणजे १८५६, १८६८ आणि १८७७ ची. १८६८ चं नायगावहून लिहिलेलं आहे, त्यात गावकरी गणेश नावाच्या ब्राह्मण मुलाला आणि शारजा नावाच्या महार मुलीला प्रेमप्रकरणावरून मारायला निघाले होते आणि सावित्रीबाईंनी मध्ये पडून, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून दोघांचा जीव वाचवला आणि त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं. १८७७ चं ओतूरहून आहे, दुष्काळातलं. सण-समारंभातल्या सावित्रीबाईंपेक्षा या पत्रांतल्या सावित्रीबाई कितीतरी जास्त जवळच्या वाटतात, निर्णय घेणाऱ्या, गावाला तोंड देणाऱ्या.

याच पत्रांवरून पुराव्याचं एक शिस्तीचं काम शिकता येतं. १८५६ च्या पत्रात आजारपणामुळे माहेरी राहिलेल्या सावित्रीबाई लिहितात की फातिमाला कामाचा त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही. सावित्रीबाईंच्या सहकारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख यांच्याबद्दल बोलताना हातातला हा कागद फार मोलाचा. एका ओळीत सगळं आहे, कामाचा भार कोणावर होता, दोघींचा एकमेकींवर विश्वास किती होता. आता फॉरवर्डमध्ये फातिमांची जन्मतारीख, शिक्षण, संवाद असं पुष्कळ फिरतं. प्रत्येक गोष्टीला ‘हे कुठल्या कागदात आहे?’ एवढं विचारायचं आणि उत्तर मिळालं नाही तर वहीत घ्यायचं नाही. त्या एका ओळीने फातिमांचा मान कमी होत नाही, उलट ती ओळ कोणी पुसू शकत नाही.

मुक्ता साळवेंचा निबंधही इथेच वाचून घ्या. फुले दांपत्याच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी, तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ ला ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळा काढली असं आपण म्हणतो, त्या शाळेतून काय तयार झालं ते या निबंधात दिसतं.

आणखी एक, विरोधकांचे लेख वाचायला कंटाळू नका. शारदासदन १८८९ ला मुंबईत निघालं, पुढच्याच वर्षी पुण्यात आलं आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून घेतल्या. ‘केसरी’ने तेव्हा काय लिहिलं आणि ‘सुधारक’ने काय लिहिलं हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं की पंडिता रमाबाई कुठल्या वातावरणात काम करत होत्या ते समजतं. नुसती स्तुती वाचून त्यांच्या हिमतीचा अंदाज येत नाही.

पुस्तकं आणि जुने अंक कुठे बघायचे तर पुणे नगर वाचन मंदिर, ते १८४८ चं आहे, म्हणजे फुल्यांच्या भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेच्याच सालचं, मग नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय. आधी फोन करून वेळ विचारा आणि नेमका कुठला अंक, कुठलं साल हवंय ते चिठ्ठीवर लिहून न्या. ‘बायकांवरचं काहीतरी दाखवा’ म्हटलं तर बिचारे काय काढून देणार.

पाट्या आणि वार्षिक अहवाल, खरा खजिना हा

कुठल्याही जुन्या शाळेत किंवा वसतिगृहात शिरलं की जिन्याजवळ संगमरवरी पाट्या असतात. आपण त्यांना पाठ लावून उभं राहून फोटो काढतो. त्या वाचा. एकेक पाटी नीट वाचायची, खोली कोणाच्या स्मरणार्थ, पैसे कोणी दिले, रक्कम किती, साल कुठलं. आईच्या नावाने मुलाने दिलेले पैसे, बायकोच्या नावाने नवऱ्याने दिलेले पैसे आणि बाईने स्वतः दिलेले पैसे हे तीन वेगळे प्रकार आहेत, तक्त्यात वेगळे ठेवा.

पहिल्या प्रकाराचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या समोरच आहे. कर्व्यांनी १९१६ ला हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं, १९२० ला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच एसएनडीटी. नाथीबाईंचं नाव पुण्या-मुंबईतल्या लाखो मुलींच्या सर्टिफिकेटवर आलं. पण विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीलाबाई, त्यांचं काम वेगळं शोधावं लागतं. येरवड्याची ‘पर्णकुटी’ त्यांची, १९३३ मध्ये गांधीजींचा २१ दिवसांचा उपास तिथे झाला, पुढे त्या याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. देणगी देणाऱ्या घरातली बाई आणि संस्था चालवणारी बाई अशा दोन्ही बाजू एकाच व्यक्तीत बघायच्या तर प्रेमलीलाबाईंवर काम करा, अजून पुष्कळ करण्यासारखं आहे.

पाट्यांनंतर वार्षिक अहवाल. जुन्या संस्था दर वर्षी छापायच्या, पातळ पुस्तिका असते, पुढे अध्यक्षांचं मनोगत आणि मागे जमाखर्च. मनोगत भराभर वाचा, वेळ द्यायचा तो मागच्या पानांना. जमेच्या बाजूला वर्गणीदारांची यादी असते, एक रुपया, आठ आणे, कोणी धान्य दिलं, कोणी जुनी लुगडी दिली, कोणी सणाला मुलींना जेवण दिलं. खर्चाच्या बाजूला पगार असतात आणि तिथे सुपरिंटेंडेंट बाई, स्वयंपाकीण बाई, नर्स, शिवणाच्या बाई अशी नावं सापडतात. सलग पाच-सहा वर्षांचे अहवाल हाताशी आले तर एकच नाव दर वर्षी दिसायला लागतं, कधी शिकणाऱ्यांच्या यादीत, मग चार वर्षांनी पगाराच्या यादीत, मग आणखी काही वर्षांनी वर्गणी देणाऱ्यांच्या यादीत. एक बाई शिकायला आली, तिथेच शिकवायला लागली आणि नंतर पगारातून संस्थेला परत द्यायला लागली. असं एक जरी नाव मिळालं ना तरी सगळे कष्ट वसूल होतात.

सेवासदनचे अहवाल मिळाले तर सोडू नका. रमाबाई रानड्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी १९०९ ला पुण्यात सेवासदन सुरू केलं, प्रौढ बायकांचे वर्ग, शिक्षिकांचं ट्रेनिंग, आणि ससूनमध्ये नर्सिंगचं शिक्षण. चांगल्या घरच्या विधवेने परक्या रुग्णाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे तेव्हाच्या पुण्याला पचत नव्हतं. सेवासदनच्या बायका आळंदीच्या यात्रेलाही सेवेला जायच्या. आणि मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं म्हणून १९२० च्या सुमारास पुण्यात बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा रमाबाई पुढे होत्या. जानेवारी १९२७ ला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यातच भरलं, फर्ग्युसन कॉलेजात, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. अशी परिषद भरवायला मागे माणसं किती लागतात ते ज्यांनी एखादं छोटं संमेलन जरी केलंय त्यांना विचारा. स्वयंसेविकांची यादी हाती लागली तर आधी ती उतरवून घ्या.

अहवाल मागायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका म्हणजे तुमची ओळख, कशासाठी हवंय त्याचं साधं पत्र आणि ‘फोटो काढून पेन ड्राइव्हवर तुम्हालाही एक कॉपी देते’ अशी तयारी घेऊन जा. एका संस्थेत जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे माळ्यावर वाळवी लागून पडले होते आणि ऑफिसची रंगरंगोटी निघाल्यावर त्यातले बरेचसे रद्दीत गेले, मला कळेपर्यंत उशीर झाला होता, अजून हळहळ वाटते. म्हणून दिसलं की लगेच फोटो काढायचे, परवानगी घेऊन, प्रत्येक पानाचा, आणि पहिल्या फोटोत मुखपृष्ठ व साल यायलाच हवं नाहीतर नंतर कुठलं पान कुठल्या वर्षाचं काही कळत नाही.

पायी फिरा

वाचलेलं डोळ्यांनी बघायला एक सकाळ काढा. रविवारी लवकर निघालात तर पेठांत चालता येतं, दहानंतर लक्ष्मी रोडचं काही खरं नसतं.

बुधवार पेठेतून सुरू करा, दगडूशेठच्या समोर भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला, त्यामुळे वाडा बघायचाय असं मनात धरून जाऊ नका, पण सावित्रीबाई कुठून कुठे चालत येत असतील ते जमिनीवर उभं राहूनच कळतं. तिथून लक्ष्मी रोडने हुजूरपागा, १८८४ ची मुलींची शाळा, आणि त्याच रस्त्यावर सेवासदन. मग परत फिरून गंज पेठेत फुले वाडा. तिथला पाण्याचा हौद आवर्जून बघा, १८६८ ला अस्पृश्यांसाठी खुला केला तो. १८६३ ला बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी येऊन बाळंत व्हायचं, त्या बायकांची बाळंतपणं, खाणंपिणं, बाळांचं सगळं सावित्रीबाईंच्या अंगावर. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळच्या माळावर मायलेकांनी दवाखाना चालवला. प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घालून आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मुलांना बरोबर नेलं असेल तर हे वाड्याच्या अंगणात बसून सांगा, घरी सांगण्यात आणि तिथे सांगण्यात फार फरक पडतो.

गंज पेठेतून नाना पेठ जवळच, विठ्ठल रामजी शिंद्यांचं अहिल्याश्रम तिथे आहे. त्यांची बहीण जनाक्का शिंदे यांनी भावाच्या कामाला वाहून घेतलं होतं, अस्पृश्य मुलांच्या शाळा आणि वसतिगृहाच्या कामात त्या होत्या. भावाच्या नावाखाली बहिणीचं काम झाकलं जाण्याचं हे अगदी ठळक उदाहरण. पुढे रास्ता पेठ, केईएम.

वेगळ्या दिवशी पुणे स्टेशनच्या बाजूला जा, सुझी सोराबजींनी १९०८ ला काढलेली सेंट हेलेना शाळा, त्यांच्या आई फ्रान्सिना सोराबजींनीही पुण्यात शाळा चालवल्या होत्या. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची समाधी, २२ फेब्रुवारी १९४४. एरवी पेठांबाहेरचं पुणं अशा यादीत येतच नाही, ते यायला हवं.

आज्यांशी बोलणं

कागदात १९५० नंतरचं फार कमी मिळतं असं नाही, पण त्या काळातल्या बायका अजून आपल्यात आहेत, तर आधी त्यांच्याकडे जा. कागद थांबेल, माणूस थांबत नाही.

पहिला प्रश्न ‘तुमचं योगदान सांगा’ असा विचारला की हमखास उत्तर येतं, ‘मी कसलं काय केलं गं, सगळ्यांनी मिळून केलं.’ आणि विषय संपला. त्याऐवजी रोजचं विचारायचं. आजी, किल्ली कोणाकडे असायची? सकाळी किती वाजता यायचात, मुलं कोणाकडे ठेवायचात? दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी निघायच्या तेव्हा चकलीची भाजणी कोण दळून आणायचं, हिशोब कोण लिहायचं? नवऱ्याने मारून बाहेर काढलेली बाई रात्री दारात आली तर तिला झोपवायचं कुठे? असं विचारलं की बाई खुर्चीत पुढे सरकून बसतात आणि मग दोन तास थांबत नाहीत. एकदा सदाशिव पेठेतल्या एका आजींनी वसतिगृहातल्या मुलींच्या जेवणाचा हिशोब मला तोंडपाठ सांगितला, कुठल्या वाण्याकडून उधार मिळायची आणि कुठला वाणी तोंडावर नाही म्हणायचा हेसुद्धा. कुठल्या अहवालात हे मिळणार?

रेकॉर्डिंगच्या आधी विचारा, मोबाइल समोर ठेवा, लपवून ठेवू नका. घरी मुलगा-सून असतील तर त्यांनाही सांगा काय करताय ते. दुपारी दोन ते चार जाऊ नका, त्या झोपतात. आणि इतर बायकांच्या खाजगी दुःखाच्या गोष्टी निघतात, कोण कशी आली, कोणाचं मूल होतं, त्या ऐकायच्या पण नाव लिहायचं नाही. ती बाई किंवा तिचं मूल आजही याच शहरात राहत असेल. हा नियम मोडून मिळवलेली माहिती कितीही मोलाची असली तरी मला नको वाटते.

१९८० नंतरचं बघायचं तर पद्धत आणखी सोपी, कारण फोटो, पत्रकं, पोस्टर लोकांच्या घरात असतात. विद्या बाळ यांच्या पुढाकाराने १९८२ ला नारी समता मंच सुरू झाला, मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या मृत्यूने शहर हादरलं होतं तेव्हाची गोष्ट, आणि १९८९ ला ‘मिळून साऱ्याजणी’ मासिक निघालं. डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, सुरुवातीला पुलं आणि सुनीताबाईंची मदत होती. शकुंतला परांजपे कुटुंबनियोजनाबद्दल त्या काळात बोलत होत्या जेव्हा तो शब्द चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती. सिंधुताई सपकाळ तर सगळ्यांना माहीत आहेत.

पण एक धागा मला सगळ्यात जवळचा वाटतो. एसएनडीटीच्या पुण्याच्या कॅम्पसमधल्या प्रौढ शिक्षण विभागाने १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या बायका आणि त्यांच्या मुलांबरोबर काम सुरू केलं, त्यातून १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली आणि २००८ ला महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. म्हणजे हिंगण्याला विधवांसाठी जे सुरू झालं त्याची एक फांदी आज तुमच्या सोसायटीच्या दारात रोज सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईपर्यंत पोचते. त्या ताईंशी बोला. पंचायतीत कधी आल्या, ओळखपत्र पहिल्यांदा हातात आलं तेव्हा काय वाटलं, मुलं काय शिकतात. हा पण पुण्यातल्या बायकांच्या समाजकार्याचा इतिहासच आहे, फक्त मदत करणाऱ्या आणि मदत घेणाऱ्या अशी वाटणी इथे चालत नाही.

सरकारी कागद

थोडक्यात सांगते. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तिची फाइल असते, १९५० च्या कायद्याखाली. संस्थेचा रजिस्ट्रेशन नंबर घ्या, तो लेटरहेडवर असतो, बहुतेक ई किंवा एफ अक्षराने सुरू होतो. त्यावरून परिशिष्ट १ ची नक्कल मागायचा अर्ज करता येतो, त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता असते, आणि विश्वस्त बदलले की जे बदल अर्ज जातात त्यावरून कुठल्या साली कुठली बाई कमिटीवर आली ते कळतं. बायकांची संस्था आणि विश्वस्त मात्र सगळे पुरुष असंही दिसेल. तेही लिहा, तसंच्या तसं.

लिहा आणि परत द्या

फार मोठं पुस्तक करायच्या मागे लागू नका. एका संस्थेवर, एका बाईवर आठ-दहा पानं नीट लिहा. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते तिथल्या तिथे लिहा, अहवालाचं साल आणि पान, किंवा कोणी सांगितलं आणि कधी. सांगणारीला आधी वाचून दाखवा, ती ‘हे काढ’ म्हणाली तर काढा. मग एक प्रत संस्थेला, एक सांगणाऱ्या बाईंच्या घरी, एक जवळच्या ग्रंथालयात. ज्यांना जमतं त्यांनी मराठी विकिपीडियावर भर घाला, तिथे पुण्यातल्या कितीतरी बायकांवर दोन ओळींच्या पुढे काही नाही आणि छापील अहवालाचा संदर्भ देऊन ते वाढवता येतं.

रेकॉर्डिंग आणि फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क आणि एक ड्राइव्ह, फाइलच्या नावातच साल, संस्था आणि बाईंचं नाव टाका, आयएमजी ०४३२ असं राहिलं तर वर्षभराने तुम्हालाच सापडणार नाही.